ईडन गार्डन्स, फेब्रुवारी १९९९ : एका धावचीतानंतरचे दोन दिवस

हे प्रकरण का निवडले

वेगवान गोलंदाजी आणि फलंदाजी पाहताना प्रेक्षक कसे वागतात, यावर आपल्याकडे बहुतेक वेळा एका वाक्यात निकाल लावला जातो. टाळ्या वाजल्या तर प्रेक्षक जाणकार ठरतात आणि बाटल्या पडल्या तर तेच हुल्लडबाज ठरतात. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ते २० फेब्रुवारी १९९९ या पाच दिवसांत झालेल्या भारत-पाकिस्तान कसोटीत ही दोन्ही रूपे एकाच जनसमुदायाने दाखवली. म्हणून हा सामना अभ्यासण्यासारखा आहे. खेळाडू आणि पदाधिकारी सार्वजनिक नोंदीतले असल्यामुळे त्यांची नावे दिली आहेत. प्रेक्षक, पोलिस आणि मैदानावरचे कर्मचारी यांच्याबद्दल मात्र समूह म्हणूनच लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगतो. चौथ्या दिवशी प्रेक्षकांचा जो संताप झाला त्याची सुरुवात द्वेषातून नव्हे, तर न उलगडलेल्या निर्णयातून झाली. बाटली फेकणे त्यामुळे क्षम्य होत नाही, पण पुढचे बरेच काही टाळता आले असते.

पार्श्वभूमी

पाकिस्तानचा संघ भारतात कसोटी खेळण्यासाठी बारा वर्षांनी आला होता. मधल्या काळात, १९९१ मध्ये, शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली होती आणि तेव्हाचा दौरा रद्द झाला होता. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटलाची खेळपट्टी खराब करण्यात आली, मुंबईत क्रिकेट नियामक मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड झाली, आणि पहिली कसोटी दिल्लीहून चेन्नईला हलवावी लागली. म्हणजे दौऱ्याच्या सुरुवातीलाच प्रेक्षकांविषयीची भीती आयोजकांच्या मनात बसलेली होती.

चेन्नईत प्रत्यक्षात घडले ते या भीतीच्या अगदी उलट. २७१ धावांचा पाठलाग करताना सचिन तेंडुलकरने पाठदुखी सोसत १३६ धावा केल्या, तो बाद झाल्यावर उरलेला डाव बघता बघता कोसळला आणि भारत १२ धावांनी हरला. चेपॉकचे प्रेक्षक क्षणभर सुन्न झाले आणि मग उभे राहून त्यांनी पाकिस्तानच्या संघाला मानवंदना दिली. वसीम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारली. इतक्या जवळून हातची निसटलेली कसोटी आणि तीही पाकिस्तानविरुद्ध, तरीही त्या गॅलऱ्यांतून टाळ्या आल्या. पुढे दिल्लीत अनिल कुंबळेने ७४ धावांत दहाच्या दहा बळी घेतले आणि मालिका १-१ अशी सुटली.

कोलकात्याचा सामना या मालिकेतला नव्हता. तो पहिल्या आशियाई कसोटी अजिंक्यपद स्पर्धेचा उद्घाटनाचा सामना होता. पण प्रेक्षकांसाठी हा तपशील गौण होता. त्यांच्या दृष्टीने ही निर्णायक तिसरी कसोटीच होती. पाच दिवसांत मिळून सुमारे ४ लाख ६५ हजार लोकांनी ती पाहिली आणि १९३६-३७ मध्ये मेलबर्नच्या कसोटीला नोंदलेला ३ लाख ५० हजारांचा विक्रम मागे पडला.

ईडनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १३ मार्च १९९६ रोजी याच मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था ८ बाद १२० झाली असताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, गॅलरीत आग लावली, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. ही घटना अवघ्या तीन वर्षांपूर्वीची होती. ‘असे काही होईल असे वाटले नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्यामुळे कोणालाच नव्हती.

पहिले तीन दिवस : वेगाला मिळालेली दाद

सामन्याच्या पहिल्या सकाळी जवागल श्रीनाथ आणि व्यंकटेश प्रसाद यांनी पाकिस्तानची अवस्था ६ बाद २६ करून टाकली. लाखभर लोकांनी भरलेल्या मैदानात वेगवान गोलंदाज धावायला लागला की गॅलरीतला आवाज त्याच्या पावलांबरोबर चढत जातो, चेंडू सुटताना टोकाला पोहोचतो आणि फलंदाज हुकला की एकच हुंकार उठतो. भारतीय वेगवान जोडीसाठी असा आवाज उठण्याचे प्रसंग तोवर आपल्या देशात फार थोडे आले होते, कारण आपल्या खेळपट्ट्यांवर लोक फिरकीची वाट बघत. मोईन खानच्या ७० धावांमुळे पाकिस्तान १८५ पर्यंत पोहोचले.

दुसऱ्या दिवशी त्याच गॅलऱ्यांनी दुसरा वेग पाहिला. सदागोपन रमेश ७९ धावा करून गेला, पण त्या दिवसाची आठवण दोन चेंडूंची आहे. तेव्हा फारसा परिचित नसलेला शोएब अख्तर धावत आला. उशिरा आत वळलेल्या त्याच्या यॉर्करवर राहुल द्रविडची बॅट खाली येण्याआधी यष्टी उडाली. मग तेंडुलकर मैदानात उतरला. ईडनवर तो उतरताना आवाजाची जी लाट उठते ती तो गार्ड घेईपर्यंत ओसरत नाही. पुढचा चेंडूही तसाच, पूर्ण टप्प्याचा आणि अखेरच्या क्षणी आत येणारा. बॅट वरून खाली येत होती आणि चेंडू तिच्या आधी आत शिरला. तेंडुलकरचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. ते सगळे मैदान क्षणात गप्प झाले.

ही शांतता मला महत्त्वाची वाटते. त्या चेंडूवर हरकत घेण्यासारखे काही नव्हते. यष्टी उडताना सर्वांनी पाहिली होती. लोकांना दुःख झाले, पण कोणीही काही फेकले नाही. लाडका फलंदाज शून्यावर बाद झाला, तोही पाकिस्तानी गोलंदाजाकडून, आणि तरीही खेळ सुरळीत चालू राहिला. केवळ तेंडुलकर बाद होण्याने ईडन भडकते, हा समज या एका चेंडूने खोटा ठरतो.

भारताच्या २२३ नंतर सईद अन्वर सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहिला आणि त्याने १८८ धावा केल्या. समोरून श्रीनाथ एकेक गडी काढत होता. त्याने ८६ धावांत ८ बळी घेतले आणि सामन्यात १३२ धावांत १३. पाकिस्तान सर्वबाद ३१६. भारतापुढे २७९ धावांचे लक्ष्य होते, आणि रमेश व लक्ष्मण यांनी शंभरावर धावांची सलामी दिल्यामुळे ते आवाक्यात दिसू लागले होते.

समस्या

१९ फेब्रुवारीला चहापानाच्या सुमारास तेंडुलकर ९ धावांवर खेळत होता. अक्रमचा चेंडू त्याने डीप मिडविकेटकडे मारला, दोन धावा आरामात पूर्ण केल्या आणि तिसरीसाठी गोलंदाजाच्या टोकाकडे धाव घेतली. धावताना त्याची नजर चेंडूवर होती. यष्ट्यांपाशी शोएब उभा होता आणि त्याचीही नजर येणाऱ्या फेकीवरच होती. दोघांची टक्कर झाली. त्याच सुमारास सीमारेषेजवळून बदली क्षेत्ररक्षक नदीम खानने केलेली फेक थेट यष्ट्यांवर आदळली. इतक्या लांबून अशी फेक लागणे हीच एक विलक्षण गोष्ट होती. पंच स्टीव्ह बकनर यांनी निर्णय तिसऱ्या पंचांकडे पाठवला. के. टी. फ्रान्सिस यांनी चित्रफीत पाहिली. यष्टी पडली त्या क्षणी तेंडुलकरची बॅट क्रीजच्या आत टेकलेली नव्हती. निर्णय आला, तो बादचा.

नियमाच्या कसोटीवर हा निर्णय योग्य होता. क्षेत्ररक्षकाने जाणूनबुजून अडवले असेल तर पंच दखल घेऊ शकतात, पण अपघाताने झालेल्या टक्करीचा फायदा फलंदाजाला देण्याची तरतूद धावचीताच्या नियमात नव्हती. तिसऱ्या पंचांनी तपासायची होती ती फक्त रेषा.

गॅलरीत बसलेल्या माणसाने काय पाहिले? ऐंशी-नव्वद मीटरवरून त्याला दिसले ते एवढेच की तेंडुलकर पोहोचत होता, पाकिस्तानी खेळाडू वाटेत होता, टक्कर झाली आणि दिवा लागला. फलंदाज बाद आहे हे दिवा सांगतो, तो का बाद आहे हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशीच्या त्रिफळ्यात आणि चौथ्या दिवशीच्या धावचीतात हाच फरक होता. पहिला प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिला होता, दुसरा मात्र त्यांच्यावर कोणीतरी लादला होता, निदान त्यांना तसे वाटले. ‘चीट, चीट’ असा गजर सुरू झाला. सीमारेषेवर उभ्या शोएबच्या दिशेने बाटल्या आणि हाताला येईल ते पडू लागले, आणि खेळ थांबला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कर्णधार अक्रमच्या हातात होता. फलंदाज मैदानाबाहेर जाण्यापूर्वी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कर्णधार पंचांच्या संमतीने अपील मागे घेऊ शकतो. आपल्या लोकांना याचे उत्तम उदाहरण माहीत आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचा डाव अडचणीत असताना बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले गेले. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावले. टेलर आणि इयान बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि भारत सामना दहा गड्यांनी हरला. विश्वनाथचे नाव त्या पराभवासाठी कोणी घेत नाही, त्या निर्णयासाठी घेतले जाते.

अक्रमची बाजूही नीट पाहिली पाहिजे. टेलरच्या वेळी फलंदाज बाद आहे की नाही हाच प्रश्न होता. इथे तेंडुलकर नियमाने बादच होता. टक्कर कोणी मुद्दाम केली नव्हती आणि नदीमची फेक अप्रतिम होती. शिवाय पहिली बाटली पडल्यानंतर अपील मागे घेणे म्हणजे गॅलरीतून काही फेकले की निर्णय बदलतो, असा धडा घालून देणे झाले असते. म्हणून मला वाटते की अक्रमसाठी खरी संधी जेमतेम दोन-तीन मिनिटांची होती. निर्णय तिसऱ्या पंचांकडे गेला तेव्हापासून दिवा लागेपर्यंत पाकिस्तानचे खेळाडू घोळका करून उभे होते, तेवढाच तो काळ. त्या वेळात कर्णधाराने पंचांशी बोलून घेतले असते तर ती खिलाडूवृत्ती ठरली असती. त्यानंतर तीच कृती दबावाखाली केलेली ठरली असती.

दुसरा पर्याय पंच आणि सामनाधिकाऱ्यांचा होता. चहापान लवकर घेऊन वातावरण निवळू द्यायचे आणि मधल्या वेळात प्रेक्षकांशी बोलायचे. तिसरा पर्याय सुरक्षा यंत्रणेचा होता. ज्या भागातून वस्तू पडत आहेत तो भाग रिकामा करायचा. सामना सोडून देण्याचा चौथा पर्याय १९९६ मुळे सर्वांच्याच मनात असणार.

केलेली कृती

पंचांनी चहापान लवकर घेतले. त्यानंतरही वातावरण शांत होईना, तेव्हा तेंडुलकर आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष, मूळचे कोलकात्याचेच जगमोहन दालमिया, दोघे मैदानात उतरले आणि गॅलऱ्यांसमोरून हात जोडत, शांत राहण्याची विनंती करत फिरले. ज्याच्यावर अन्याय झाला असे लाखभर लोकांना वाटत होते, तोच त्यांना बसायला सांगत होता. लोकांनी त्याचे ऐकले. सुमारे तासाभराने खेळ सुरू झाला.

हा निर्णय त्या संध्याकाळपुरता यशस्वी झाला, हे मान्य करायलाच हवे. तरी त्यात दोन उणिवा राहिल्या. सामना चुरशीचा असताना नुकताच बाद झालेला पंचवीस वर्षांचा फलंदाज व्यवस्थापनाचे काम करत होता. आणि त्या फेरीने लोकांना शांत केले, पण त्यांचा गैरसमज दूर केला नाही. निर्णय चुकीचा होता पण आपल्या माणसासाठी आपण गप्प बसलो, अशी भावना घेऊन लोक घरी गेले. दिवस संपला तेव्हा भारत ६ बाद २१४ होता. ६५ धावा हव्या होत्या आणि कोलकात्याचा सौरव गांगुली खेळत होता.

पाचव्या दिवशी सुमारे ६५ हजार लोक आले. रात्रीच्या वेळात वस्तू मैदानात नेण्यावर कडक बंधने घालण्याची, निर्णयाचे कारण सांगणारे निवेदन देण्याची आणि आदल्या दिवशी ज्या गॅलऱ्या भडकल्या त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवण्याची संधी होती. सकाळी गांगुली लवकरच बाद झाला आणि त्यामागून गडी पडत गेले. नवव्या गड्यानंतर भारत २३१ वर असताना वर्तमानपत्रे पेटली, दगड, फळे आणि बाटल्या मैदानात आल्या आणि खेळ पुन्हा थांबला.

या वेळी निर्णय झाला तो संपूर्ण मैदान रिकामे करण्याचा. पोलिसांनी बळ वापरून ६५ हजार लोकांना बाहेर काढले. या कामाला तीन तासांहून अधिक वेळ लागला. त्यानंतर पदाधिकारी, पत्रकार आणि पोलिस मिळून सुमारे दोनशे माणसांसमोर खेळ सुरू झाला आणि मोजक्याच चेंडूंत शेवटचा गडी बाद झाला. भारत सर्वबाद २३२. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकले.

परिणाम

सामना पूर्ण झाला आणि निकाल मैदानावरच लागला, ही जमेची बाजू आहे. १९९६ प्रमाणे तो बहाल करावा लागला नाही, आणि पाहुण्या संघाला आपला विजय खेळून मिळवता आला. पाकिस्तानने पुढे मार्चमध्ये ढाक्याला अंतिम सामन्यात श्रीलंकेला हरवून ती स्पर्धाही जिंकली.

पण चेपॉकवर मानवंदना घेणाऱ्या संघाला तीनच आठवड्यांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर हात मिळवावे लागले. त्याच २० फेब्रुवारीला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने वाघा सीमा ओलांडून लाहोरला पोहोचले होते. आणखी एक नुकसान कोणाच्या हिशेबात धरले गेले नाही, ते श्रीनाथचे. मायदेशी, अशा खेळपट्टीवर, अशा संघाविरुद्ध तेरा बळी घेणाऱ्या वेगवान गोलंदाजाची कामगिरी त्या धुरात झाकली गेली. आजही या कसोटीचा विषय निघाला की लोकांना शोएबचे दोन चेंडू आणि ती टक्कर आठवते. सईद अन्वरच्या १८८ चीही तीच गत झाली.

मार्च २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध लक्ष्मणने २८१ आणि द्रविडने १८० धावा केल्या, फॉलोऑननंतर भारत १७१ धावांनी जिंकला, आणि त्या पाच दिवसांच्या ईडनबद्दल जगभर गौरवाने लिहिले गेले. मैदान तेच होते, शहरही तेच होते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट चहापानाच्या वेळेची. जुलै २०११ मध्ये ट्रेंट ब्रिजवर इयान बेल १३७ धावांवर असताना, चहापान झाले असे समजून क्रीज सोडून निघाला आणि भारताने त्याला धावचीत केले. नियमाने तो बाद होता. प्रेक्षकांनी भारतीय संघाची हुर्यो उडवली. मधल्या वेळात इंग्लंडच्या व्यवस्थापनाने भारतीय ड्रेसिंग रूममध्ये जाऊन विनंती केली, महेंद्रसिंग धोनीने अपील मागे घेतले आणि बेल पुन्हा फलंदाजीला आला तेव्हा हुर्योचे टाळ्यांत रूपांतर झाले. हा प्रसंग कोलकात्यासारखा तंतोतंत नाही, तिथे बाटल्या पडत नव्हत्या. तरी चहापानाचा वेळ हा विचार बदलण्याचा वेळ असू शकतो, हे त्यातून दिसते. ईडनवर त्या मधल्या वेळात दोन्ही कर्णधार, पंच आणि सामनाधिकारी यांनी एकत्र उभे राहून लोकांसमोर यायला हवे होते. निर्णय बदलला नसता तरी चालले असते.

दुसरी गोष्ट निवेदनाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक होती. तेंडुलकरच्या हात जोडण्याच्या जोडीला ध्वनिक्षेपकावरून बंगालीत आणि हिंदीत हे ठामपणे सांगायला हवे होते, की टक्कर अपघाताने झाली, दोन्ही खेळाडू चेंडूकडे पाहत होते, यष्टी पडली तेव्हा बॅट टेकलेली नव्हती आणि अशा वेळी नियम फलंदाजाला बादच ठरवतो. सगळ्यांना ते पटले नसते. पण क्रिकेट कळणाऱ्या त्या शहरात शेजारच्याला समजावणारे दहा लोक प्रत्येक रांगेत निघाले असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येताना लोक फसवले गेल्याची भावना घेऊन आले नसते.

तिसरी गोष्ट पाचव्या दिवसाची. संपूर्ण मैदान रिकामे करणे हा सुरक्षेच्या दृष्टीने सोपा उपाय होता, कारण त्यात दोषी कोण हे ठरवावे लागत नाही. जळते कागद आणि दगड उडत असताना अधिकाऱ्यांपुढे फारसा वेळ नव्हता, हेही खरे. तरी आदल्या दिवशीच कोणत्या गॅलऱ्यांतून वस्तू आल्या होत्या हे सर्वांना दिसले होते. तेवढेच विभाग सकाळपासून वेगळे ठेवले असते, तिथे गणवेशातली माणसे दाटीने बसवली असती आणि गडबड सुरू होताच तेवढाच भाग बाहेर काढला असता, तर बाकीचे हजारो लोक जागेवर राहिले असते. त्यांनी तिकीट काढले होते, पाच दिवस श्रीनाथला, अन्वरला आणि लक्ष्मणला पाहिले होते आणि शेवटचा गडी पडायचा बाकी होता. चेपॉकच्या प्रेक्षकांप्रमाणे तो गडी पडल्यावर उभे राहण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती.